स्वीकार म्हणजे शरणागती का?

विज्ञान शिकायला नव्या शहरात गेलात, की पहिले वर्ष कसोटीचे असते. 'परिस्थिती स्वीकारा' असे ऐकल्यावर तुम्ही विचाराल, मग अन्यायही स्वीकारायचा का?

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतले. कमलाताईंनी अट पाळली, पण ती योग्य मानली नाही. पुढे तो अपमान उघड बोलून दाखवला. वर्षभर मन मात्र प्रयोगात ठेवले. अखेर रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींनाही दार उघडले.

स्वीकाराने मन कामाला मोकळे होते. अन्यायाला होकार देणे वेगळे. तो देऊ नका.