नको असलेल्याचा वकील

वकील म्हणजे पैसे घेऊन खोट्याचे खरे करणारा माणूस, असे आम्हा भिवंडीकरांचे जुनेच मत. ज्याने कारखान्याच्या गाळ्याचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळताना पाहिला, त्याला दोष तरी कसा द्यावा? हदीसमध्येही इशारा आहेच, की बोलण्यात चतुर असलेल्याच्या बाजूने निवाडा लागला, तरी दुसऱ्याचा हक्क त्याला हलाल होत नाही. पण म्हणून दुसरी बाजू ऐकूच नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या गुन्ह्याविषयी साऱ्या गावाची खात्री पटली आहे, त्याला वकील मिळावा काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानाने जागा नाकारली. तो निर्णय आम्हाला पटला होता. जिवंत सापडलेल्या कसाबसाठी २००९ मध्ये न्यायालयाने आधी ॲड. अंजली वाघमारे यांना नेमले, तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. मग ॲड. अब्बास काझमी यांनी ते काम घेतले, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी तोंड फिरवले.

त्याच खटल्यात फहीम अन्सारी हा मुंबईकर आरोपी होता. त्याने काढलेला नकाशा अबू इस्माईल या ठार झालेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. फहीमचे वकील शाहिद आझमी यांनी नेमके तिथेच बोट ठेवले: कपडे रक्ताने माखलेले, मग कागदावर डाग कसा नाही, तो चुरगळला कसा नाही? वकिली म्हणतात ती एवढीच, भाषण नव्हे. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात आझमींना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघे ३२. मे महिन्यात निकाल लागला. कसाब दोषी, फहीम आणि सबाउद्दीन अहमद निर्दोष. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी कायम केल्या.

संतापाच्या भरात वकिलांवाचून खटला उरकला असता, तर कसाबबरोबर फहीमही गेला असता. दोघांना वेगळे करणारी चाळण उलटतपासणीचीच होती. ‘आमच्या निरपराध पोराला वकील द्या, त्या नराधमाला नको’ हे म्हणणे सोपे. पण कोण कोणता, हे खटल्याआधी कळते कुणाला? भिवंडीने तर हे ओळखायला हवे. १९७० च्या दंगलीनंतर पोलिसांच्या विशेष पथकाने केलेला तपास पक्षपाती होता, हे न्या. मादन आयोगाच्या चौकशीतच उघडे पडले.

काही वकील संघटना अमक्याचे वकीलपत्र घेऊ नये, असे ठराव करत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव घटनाविरोधी ठरवले. सूरह माइदामध्ये तर कुणाच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, अशी ताकीदच आहे. ती आपण सरकारला हक्काने ऐकवतो. उद्या आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलीवर अत्याचार झाला आणि आरोपीचे वकीलपत्र आपल्याच ओळखीच्या वकिलाने घेतले, तर ईदला त्याच्या घरी शीरखुर्म्याला आपण जाऊ काय? आमच्या शाळेतल्या शिक्षकांत यावर अजून एकमत झालेले नाही.