वेदीचे माप आणि सीटची उंची

साधनाने साधकाच्या मापाचे व्हावे, की साधकानेच साधनाच्या उंचीला पोचावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत ‘अधिकार’ या संज्ञेखाली चर्चिला गेला आहे. येथे अधिकार म्हणजे सत्ता नव्हे. एखादे कर्म करण्याची पात्रता आणि त्या कर्माच्या फळावरचा हक्क असा तिचा जोडअर्थ आहे. पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने, हा विषय जैमिनीसूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञाच्या संदर्भात मोठ्या बारकाईने तपासला. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हाच प्रश्न उंच मोटारसायकलच्या सीटपाशी येऊन ठेपतो, आणि तेथे त्याचा निकाल वादावर नव्हे, तर पाय जमिनीला टेकतो की नाही यावर लागतो.

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींसाठी घडवलेल्या मोटारसायकलला उंची लागते, कारण दगड, मुळे आणि खड्डे ओलांडताना चाकांना खालीवर होण्यास वाव हवा आणि इंजिनाचे पोट जमिनीपासून दूर राहायला हवे. 2016 साली आलेल्या हिमालयन या मॉडेलची सीट जमिनीपासून 800 मिलिमीटर उंच होती, 2019 च्या एक्सपल्सची 823, आणि दोन्हींच्या पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा होती. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या मुलखात, जेथे पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जातो आणि पावसाळाभर नाल्यांवरचे रपटे निसरडे राहतात, ही मोकळी जागा चैनीची म्हणता येणार नाही. तथापि त्याच रपट्यावर मध्येच थांबावे लागले, तर तोल सावरायला लागतो तो चालवणाऱ्याचा पाय, आणि तो पाय किती लांब असावा याचा विचार गाडीच्या आराखड्यात कोणत्या तरी दुसऱ्याच शरीरावरून झालेला असतो.

वनरक्षकाच्या भरतीचे निकष या संदर्भात बोलके आहेत. पुरुषाला 163 आणि स्त्रीला 150 सेंटिमीटर उंचीची अट असली, तरी अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी ती अनुक्रमे 152.5 आणि 145 सेंटिमीटरपर्यंत खाली आणलेली आहे. म्हणजे जंगल राखण्याच्या पात्रतेचे माप शासनाने जंगलात राहणाऱ्या माणसाच्या शरीराकडे पाहून बदलले. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या पायाची आतली लांबी साधारण सत्तरच्या आसपास भरते. वजनाने शॉकअप थोडे दबतात हे धरले, तरी ब्याऐंशी सेंटिमीटरच्या सीटवरून तिचा फार तर एक चवडा, तोही एका बाजूला कलल्यावर, जमिनीला लागेल. नोकरीचा अधिकार मिळाला आणि वाहनाचा मिळाला नाही, अशी ही अवस्था आहे.

यावरचा उपाय, म्हणजे गाडी खाली आणणे, काहींना अधर्म वाटतो. उंची हाच या यंत्राचा स्वधर्म आहे, तो छाटला तर उरते ती एक साधी, विनाकारण महागडी मोटारसायकल, असा त्यांचा आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र स्वधर्म हा शब्द येथे फार ढोबळ पडतो. मीमांसकांनी केलेला क्रत्वर्थ आणि पुरुषार्थ हा भेद अधिक उपयोगी आहे: जे यज्ञाच्या सिद्धीसाठी असते ते क्रत्वर्थ आणि जे यज्ञ करणाऱ्या माणसाच्या हेतूसाठी असते ते पुरुषार्थ. यज्ञात पाणी एरवी चमस नावाच्या लाकडी पात्रातून आणावे, पण पशुधनाची इच्छा असलेल्या यजमानासाठी ते गोदोहनातून, म्हणजे दूध काढण्याच्या भांड्यातून आणावे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पाणी आणणे टळत नाही, यज्ञही अपुरा राहत नाही. केवळ भांडे माणसाकडे पाहून बदलते. सीटचा फोम हे असेच भांडे मानता येईल. तो दोन-अडीच सेंटिमीटर तासून, बाजूंनी निमुळता करून पुन्हा कव्हर चढवले, तर मांड्या जवळ येतात, पाय सरळ खाली जातो, आणि पोटाखालचे 220 मिलिमीटर जसेच्या तसे राहतात. किंमत मोजावी लागते ती बसणाऱ्याच्या पाठीला, आणि ती मोजायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याच पाठीचा आहे.

फोम तासूनही पाय पुरत नसेल, तर हात क्रत्वर्थाला घालावा लागतो, आणि तेथे मीमांसेची दुसरी संकल्पना, ‘ऊह’, पुढे येते. मूळ नमुन्याच्या यागाला प्रकृती आणि त्यावरून बेतलेल्या यागाला विकृती म्हणतात. विकृतीत देवता बदलली की मंत्रातले देवतेचे नावही बदलावे लागते, अग्नीच्या जागी सूर्य म्हणावे लागते, आणि या विचारपूर्वक केलेल्या फेरफाराला ऊह असे नाव आहे. जैमिनीने त्यासाठी अख्खा नववा अध्याय खर्ची घातला, कारण एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी पोचवला नाही तर कर्म विसंगत होते. मोटारसायकलचा मागचा शॉकअप चाकाच्या चिमट्याशी ज्या पट्ट्यांनी जोडलेला असतो, त्या वेगळ्या लांबीच्या बसवल्या की मागची बाजू खाली येते, आणि अनेक जण तेवढ्यावरच थांबतात. परंतु मागचे बूड बसले आणि पुढचे तसेच राहिले, की पुढचे फोर्क अधिक तिरके होतात, हँडल जड वळू लागते, आणि हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांकडे जातो. रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. म्हणून हँडलखालच्या पकडी सैल करून फोर्कच्या नळ्या त्याच प्रमाणात वर सरकवाव्या लागतात, चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासावा लागतो, दिव्याचा कोन बसवावा लागतो. साइड स्टँड तर हमखास विसरला जातो. गाडी खाली आली आणि स्टँड पहिल्याच लांबीचा राहिला, तर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि मुरमाच्या उतारावर वाऱ्याच्या झुळुकीनेही पलीकडे कलंडते. स्टँडमधून बोटभर तुकडा कापून पाय पुन्हा जोडेपर्यंत ऊह पुरा झाला असे म्हणता येत नाही.

या सर्व खटाटोपाला शास्त्रात आधार आहे काय, असे कोणी विचारले तर वेदीकडे बोट दाखवता येईल. शुल्बसूत्रे, म्हणजे दोरीने वेदी आखण्याचे भूमितीचे ग्रंथ, अग्निचयनाच्या वेदीचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग-पुरुष सांगतात, आणि ‘पुरुष’ हे माप म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. ज्या परंपरेने अक्षराचाही बदल सहजासहजी सोसला नाही, तिने ही वेदी यजमानाच्या शरीराने मोजली. बुटक्या यजमानाची वेदी आकाराने लहान होत असे, पुण्याने नव्हे.

अर्थात हे सौजन्य अधिकार आधीच मान्य झालेल्यांपुरते होते. त्याच सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला गेला, स्त्रीला तो पतीसोबतच मिळाला, आणि बरे न होणाऱ्या व्यंगाच्या माणसापुढेही दार बव्हंशी बंद झाले. वेदी शरीराच्या मापाची, पण शरीर कोणाचे हे ठरलेले, अशी ती मर्यादा आहे आणि ती झाकून मीमांसेचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा अधिकाराची ही चौकटच नाकारली गेली. बौद्ध परंपरेत मार्गाला ‘यान’, म्हणजे वाहन, म्हणतात, आणि बुद्धाच्या दृष्टांतातला तराफा काठावर सापडतील त्या काटक्या, फांद्या आणि गवत बांधून केलेला असतो. ज्याला पार जायचे आहे त्यानेच तो स्वतःच्या हातांनी बांधायचा आणि पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरायचे नाही. तराफ्याची प्रकृती कोणत्याच कारखान्यात ठरलेली नसते, म्हणून तो आपल्या मापाचा केल्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही.

तरीही तराफ्याला नदीचे ऐकावे लागते, आणि खाली आणलेल्या गाडीला वाटेचे. पट्ट्या आणि फोर्क बदलून तीन सेंटिमीटर उतरवली, की नाल्यातला जो धोंडा पूर्वी पोटाखालून निघून जात होता तोच आता इंजिनाच्या तळाशी घासतो. येथे मीमांसेचा यथाशक्तिन्याय कामी येतो: अग्निहोत्रासारखे नित्यकर्म काही अंगे कमी पडली तरी जमेल तसे करावे, फळाच्या इच्छेने केलेले काम्यकर्म मात्र सर्वांगांनी पुरे हवे. वनरक्षकाची रोजची बीटवरची फेरी हे नित्यकर्म आहे. तिथे कमी वेगाने जाऊन, धोंड्याला वळसा घालून, प्रसंगी उतरून गाडी ढकलत नेऊनही कर्तव्य पार पडते. हौसेने लडाख गाठणाऱ्याला ती सवलत नाही, आणि उंच गाडीच्या स्वधर्माची चिंता सर्वांत जास्त त्यालाच असते हे ओघाने आले.

अग्निचयनाची वेदी त्या एका यजमानासाठी रचली जाई आणि कर्म संपल्यावर तेथेच सोडून दिली जाई. मोटारसायकल अशी सुटत नाही. सकाळी बहीण ज्या गाडीवर कामाला जाते तीच संध्याकाळी सहा फुटी भाऊ तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेतो, आणि तासलेल्या सीटवर त्याचे गुडघे हँडलला लागतात. फोर्कच्या नळ्या अर्ध्या तासात पूर्ववत सरकवता येतात, मूळ सीट गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवता येते आणि चार बोल्ट फिरवून परत बसवता येते. कापलेला स्टँड मात्र वेल्डिंगवाल्याकडे नेल्याशिवाय पुन्हा लांब होत नाही.