खेळातला खून आणि रस्त्यावरचा माणूस



धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवीतल्या एका मुलाने मध्यंतरी मला विचारले, "फादर, मोबाइलवरच्या गेममध्ये माणसे मारली तर ते पापनिवेदनात सांगावे लागते का?" बाकीची मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हाच प्रश्न फार जड शब्दांत शिकलो. या मुलाने तो एका वाक्यात विचारला. त्याचे उत्तर आईवडिलांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहे.

तो ज्या खेळाबद्दल विचारत होता तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी'. हा खेळ २००२ साली निघाला, २००३ मध्ये संगणकावर आला आणि २०१२ च्या डिसेंबरात मोबाइलवरही आला. मी तो खेळलो आहे. सेमिनरीतून सुट्टीला आलो की मित्रांबरोबर परभणीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही तासाला वीस रुपये देऊन बसत असू. खेळ जतन करायचा तर नायकाच्या घरी जाऊन तिथे गरगर फिरणाऱ्या कॅसेटच्या चित्रावर उभे राहावे लागे. त्याआधी भारनियमनात वीज गेली, की तासाभराची कमाई पाण्यात!

गोष्ट घडते १९८६ साली, अमेरिकेतल्या मायामीवर बेतलेल्या एका काल्पनिक शहरात. पंधरा वर्षे तुरुंगात काढून आलेला टॉमी व्हर्सेटी हा गुंड तिचा नायक. गाड्या पळवायच्या, लोकांना धमकवायचे, गोळ्या घालायच्या आणि हळूहळू शहराचा मालक व्हायचे. पण माझा अनुभव असा, की खरी ओढ या गोष्टीची नसते. ती मोकळेपणाची असते. समुद्राकाठचा रस्ता, गाडीतला रेडिओ आणि कुठेही जाण्याची मुभा. आमच्यातल्या ज्याच्याकडे स्वतःची सायकलही नव्हती, तो तिथे हवी ती गाडी घेऊन हव्या त्या रस्त्याने जात असे. सिग्नल तोडला तरी कोणी अडवत नाही. माणूस उडवला तर पोलीस मागे लागतात आणि कोपऱ्यात चांदण्या उजळतात, जास्तीत जास्त सहा. पकडले गेलो तर पोलीस ठाण्याबाहेर, मेलो तर इस्पितळाबाहेर आपण पुन्हा उभे. हत्यारे जातात, थोडे पैसे कापले जातात, एवढेच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा आहे. त्याला एक अंगठी सापडते. ती बोटात फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला ठार करतो आणि राज्य बळकावतो. पकडले जाण्याची भीतीच नसेल, तर माणूस न्यायाने कशाला वागेल, असा त्या कथेमागचा प्रश्न आहे. व्हाइस सिटी म्हणजे वीस रुपयांत मिळणारी गायजीसची अंगठीच.

फरक एकच, पण मोठा. कथेत गायजीसच्या हातून मेलेला राजा हा जिताजागता माणूस होता. पडद्यावरचा माणूस म्हणजे रंगीत ठिपके. त्याला वेदना नाहीत, त्याच्या घरी कोणी वाट पाहत नाही. म्हणून त्या मुलाला मी सरळ सांगितले : नाही, तो खून नव्हे. हा खेळ खेळल्याने कोणी खुनी होतो, असेही मी म्हणणार नाही. कोट्यवधी लोकांनी ही मालिका खेळली आहे आणि ते आपापल्या कामाला जातात, दूधवाल्याचे पैसे वेळेवर देतात. सोंग घेणे हे पाप नव्हे. निळू फुले यांनी जन्मभर खलनायक रंगवले. बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले सालस कार्यकर्ते होते.

पण निळूभाऊंच्या सोंगात आणि या सोंगात एक अंतर आहे. १९७५ चा 'सामना' चित्रपट आठवा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. त्यात निळूभाऊ सर्वसत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत. पाटलाच्या राज्यात सगळे सुरळीत चाललेले असताना डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला मास्तर एका माणसाविषयी विचारत राहतो. त्या माणसाचे नाव मारुती कांबळे. हा प्रश्न पाटलाचा पिच्छा सोडत नाही आणि आपलाही सोडत नाही. मारणारा कितीही रुबाबदार असो, मेलेल्याला तिथे नाव आहे.

व्हाइस सिटीतल्या वाटसरूला नाव नाही. तो पडला की शेजारी नोटा दिसतात आणि खेळणारा त्या उचलतो. पुढच्या चौकातून फिरून परत यावे तर तिथे माणूसही नाही, नोटाही नाहीत. खून शिकवला जातो म्हणून मला या खेळाची काळजी वाटत नाही. पडलेल्या माणसाकडे न पाहण्याची जी सवय डोळ्यांना लागते, तिची मला काळजी वाटते.

एकदा मात्र पडद्याबाहेरची माणसे बोलली. या खेळात हैती देशातून आलेल्या लोकांची एक टोळी आहे आणि एका प्रसंगात हैतीच्या लोकांना मारण्याची भाषा होती. २००३ च्या अखेरीस अमेरिकेतील हैतीवंशीय समाजाने निषेध केला आणि कंपनीने पुढील प्रतींतून ते शब्द काढले. कोणी म्हणेल, ठिपक्यांना मारले तर एवढे काय बिघडले? आपल्या वस्तीचे, आपल्या समाजाचे नाव घेऊन असा हुकूम सुटला असता आणि शेजारची मुले तो हसत पाळत असती, तर आपल्याला काय वाटले असते, याचा विचार करून पाहावा.

याच शहरात दुसरीही एक वाट आहे. इस्पितळाची रुग्णवाहिका घेऊन जखमींना वेळेत आणण्याचे काम तिथे करता येते. पहिल्या फेरीत एक रुग्ण, दुसऱ्या फेरीत दोन, असे करत बाराव्या फेरीत बारा. सगळे मिळून ७८ जीव वाचवले, की नायकाला कितीही धावला तरी दम लागत नाही. आमच्यातला एक मित्र तासन्‌तास हेच करी. गोळीबारात त्याला रस नव्हता. दुसरा एकजण, कोणी विचारणारे नसतानाही, लाल दिव्याला थांबे. आम्ही त्याची चेष्टा करायचो, पण गायजीसच्या प्रश्नाला तोच उत्तर देत होता. अंगठी सर्वांच्या बोटात होती. ती घालून काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवले होते.

तेव्हा पापनिवेदनाला जाताना पडद्यावर किती मेले ते मोजत बसू नये. खऱ्या माणसांचा हिशेब घ्यावा. 'गेम ठेव' म्हणणाऱ्या आईला मी काय बोललो? धाकट्या बहिणीवर हात उगारला का? अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या रिचार्जचे काय केले? माझ्याच संघातून खेळणाऱ्या अनोळखी मुलाला शिव्या दिल्या का? तो ठिपका नव्हता. कुठल्या तरी घरातला, तुझ्याच वयाचा मुलगा होता.

पालकांनाही एक विनंती. अमेरिकेत या खेळाच्या डब्यावर 'सतरा वर्षे व त्यावरील' अशी सूचना छापलेली असे. आपल्याकडे तो सीडीवरून, पेन ड्राइव्हवरून आला. डबाही नव्हता आणि सूचनाही नव्हती. ती आता आपणच द्यायची आहे. आठवीतल्या मुलाला हा खेळ देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मोठी मुले खेळत असतील तर नुसते ओरडू नका, हातातून मोबाइल हिसकावू नका. अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा. कुठे चाललास, ही गाडी कोणाची, हे विचारा. गुण किती झाले ते मुले आपणहून सांगतील. तुम्ही एवढेच विचारा, की आता मागे रस्त्यावर पडला तो कोण होता? मुलगा हसेल, 'कोणी नाही' म्हणेल. तरीही विचारा, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा.