नावाचे स्थलांतर

स्थलांतरित स्त्रीविषयीच्या कथात्म साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा पौर्वात्य संस्कार विरुद्ध पाश्चात्त्य स्वातंत्र्य या द्वंद्वाच्या आधारे होते. हे द्वंद्व सोयीचे आहे. पण ते कथेतील स्त्रीला लागू पडते का, हे तपासून पाहिले पाहिजे.

भारती मुखर्जी यांच्या 'जास्मिन' (१९८९) या कादंबरीची नायिका पंजाबातील एका खेड्यातली ज्योती. फ्लोरिडात ती जॅझी होते, न्यूयॉर्कमध्ये टेलर तिला जेस म्हणतो आणि आयोवातील बँकर बड तिला जेन करून टाकतो. अमेरिकेने तिची अस्मिता पुसली, असा निष्कर्ष यावरून सहज निघतो. परंतु ज्योती हे नाव पुसले गेले ते भारतातच, लग्नानंतर. आणि पुसणारा होता तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, सुधारक वृत्तीचा तिचा नवरा प्रकाश. तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिले जाताना ज्याने पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

मग नैतिक प्रश्न असा, की प्रेमाने दिलेले नाव स्वीकारणे हे स्वातंत्र्य मानावे काय? मुखर्जींचा कल त्याला पुनर्जन्म मानण्याकडे आहे. मला ते पटत नाही. नायिका धाडसी आहे, हे खरे. पण शेवटीही ती टेलरबरोबरच कॅलिफोर्नियाला निघते.

झुंपा लाहिरी यांच्या एका कथेतील मिसेस सेन यांना तर स्वतःचे नावच दिलेले नाही. अमेरिकेत त्या जमिनीवर बसून मायदेशाहून आणलेल्या विळीवर भाजी चिरतात. विळीवर त्यांचा हात सफाईने चालतो. मोटारीच्या चाकावर मात्र थरथरतो. लग्नघरी शेजारणींनी आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर जमायचे आणि रात्रभर भाजी चिरत गप्पा मारायच्या, ही त्यांची आठवण. त्यांनी गमावली ती 'संस्कृती' नव्हे. ती बायकांची ती बैठक. समीक्षेच्या परिभाषेत या बैठकीला अजून जागा मिळालेली नाही.

लाहिरींच्याच 'द नेमसेक' (२००३) मधली आशिमा नवऱ्याचे नाव उच्चारत नाही. अखेरीस ती घर विकते आणि सहा महिने भारतात, सहा महिने अमेरिकेत राहायचे ठरवते. हा निर्णय तिचा एकटीचा आहे. तोवर अशोक हयात नसतो.