बाकी कुणाची?

सतरा लाडू, चार भावंडे. आईने ते समान वाटले तर प्रत्येकाला किती मिळाले आणि बाकी किती राहिली? तिसरीच्या वर्गातले साधे उदाहरण. सांबऱ्याच्या शिवारालगतच्या एका शाळेत मी ते फळ्यावर लिहिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. बहुतेक मुलांनी ‘प्रत्येकी ४, बाकी १’ असे लिहिले. एका मुलीने लिहिले, ‘प्रत्येकी ४, आईला १.’ मी तिचा अर्धा गुण कापला. वही परत घेताना ती हळूच म्हणाली, ‘‘गुर्जी, आई खाणार नाही व्हय?’’ तेवढ्यात विमानतळाकडे उतरणारे विमान डोक्यावरून गेले, सगळा वर्ग खिडकीकडे धावला आणि उत्तर द्यायचे राहून गेले.

ते अजूनही राहिलेलेच आहे.

गुणाकार शिकवताना असे प्रसंग येत नाहीत. तो तोंडावर बसतो. आमच्या भागात तर एकाच गल्लीत एका ओसरीवर ‘चार चोक सोळा’ आणि पलीकडच्या ओसरीवर ‘नाल्क नाल्कले हदिनारु’ ऐकू येते. चाल जवळजवळ तीच, आणि गुणाकार-भागाकार हे शब्दही दोन्ही भाषांत तेच. फरक आहे तो आकड्यांच्या नावांत. आपला एकोणतीस तिसातून एक वजा करून येतो. कानडी मूल ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणते, म्हणजे सरळ वीस आणि नऊ. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! मला तेव्हा थोडे हसूच आले. शेजारच्या बाकावरची मुले पिढ्यान्‌पिढ्या तसेच तर म्हणत होती, आणि त्यांचे काही बिघडले नव्हते.

पण पाढा म्हणजे चढती शिडी. भागाकारात तीच शिडी चढायची आणि कुठे थांबायचे ते आपण ठरवायचे. चार त्रिक बारा, चार चोक सोळा, चार पंचे वीस – वीस जास्त झाले, मागे ये. सतराला एक उरतो. पाढ्यात उरत काहीच नाही. उरण्याचा अनुभव मुलाला प्रथम भागाकारातच येतो.

शिकवताना मी चिंचोके घेत असे. बारा चिंचोके तीन मुलांत वाटायला सांगायचे. मुले एकेक करून फिरवत जातात. मग तेच बारा गोळा करून तीन-तीनचे ढीग घालायला सांगायचे. दोन्ही वेळा उत्तर चारच. पण कृती एक नव्हे. पहिल्या वेळी माणसे ठरलेली आहेत, वाटा शोधायचा आहे. दुसऱ्या वेळी वाटा ठरलेला आहे आणि तो किती जणांना पुरेल ते पाहायचे आहे. पुस्तकात या दोहोंना एकच चिन्ह आहे, पंगतीत वाढणाऱ्याला मात्र त्यांतला फरक चांगला कळतो. दुसऱ्या प्रकारात उरतो तो कधी कधी लाडू नसतो, माणूस असतो. सहलीला त्रेपन्न मुले आणि एका गाडीत पंचवीस जागा. गणित म्हणते दोन गाड्या, बाकी तीन. ती ‘बाकी तीन’ शाळेच्या फाटकात डबे घेऊन उभी असते.

वाचकांच्या मनात एव्हाना आलेच असेल, म्हणून बोलून टाकतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या हिशेबाने राज्यांची वाटणी झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या भागाकारात जे उरले ते आपण, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. पण जत-अक्कलकोटकडची कानडी घरेही त्याच बाकीत येतात. एकाच बाजूची बाकी मोजणे भागाकार शिकवणाऱ्याला शोभत नाही.

माझे एक सहकारी म्हणत, ‘‘आधी निःशेष भागाकार. हात बसू द्या, बाकीचं नंतर बघू.’’ त्यात तथ्य आहे. पहिल्याच दिवशी गोंधळलेले मूल पुढे वर्षभर भागाकाराला घाबरते. तरी मला ती पद्धत पटत नाही. महिनाभर सगळे सुरेख वाटले जाते असे दाखवायचे आणि मग एके दिवशी बाकी समोर टाकायची, याने मुलाला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. बाकी ही चूक नव्हे, हे प्रथमच कळायला हवे. म्हणून पुढे मी बाराऐवजी तेरा चिंचोके देऊ लागलो.

एकदा विचारले, शून्य जणांत वाटले तर? एक पोरगा म्हणाला, ‘‘घेणारंच कोण नसंल तर सगळं आपल्याकडंच की ओ!’’ मी हसलो, पण त्याला थोर साथीदार आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त शून्याने भागलेली संख्या जशीच्या तशी राहते असेच म्हटले आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हणून अनंत ठरवले. आजचे गणित म्हणते, असा भागाकार करताच येत नाही. मला ते बरे वाटते. घेणारा नसेल तर त्याला वाटणी म्हणू नये.

त्या मुलीकडे परत येतो. गणित म्हणून तिचे उत्तर अपुरे होते का? चार बरोबर, उरलेला एकही बरोबर. प्रश्न ‘किती’ एवढाच होता. ‘कुणाला’ हे तिने आपणहून सांगितले. गणित ते सांगत नाही, हे खरेच. भावंडांना जमिनीचे गुंठे वाटून देता येतात, विहीर देता येत नाही. तिथे पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि त्या ठरवायला पाढे पुरत नाहीत, घरातली माणसे बसावी लागतात. पण म्हणून ‘कुणाला’ विचारणाऱ्याचे गुण कापायचे?

निवृत्तीनंतर संध्याकाळी ओसरीवर दहा-बारा मुले येतात. लाडवांचे तेच उदाहरण घालतो, फक्त शेवटी जोडतो : उरलेल्याचे काय कराल? पहिल्या भागाला गुण देतो. दुसऱ्याला देत नाही. तिथे मुले मराठीत आणि कानडीत भांडतात, आणि मी भांडू देतो.