नकुशी

धोंडू, दगडू, केरू, कोंडिबा, भिकाजी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ही नावे गावोगाव होती आणि ती ठेवणाऱ्या आईला मूल नकोसे होते असे कोणी म्हणणार नाही. आधीची दोन-तीन मुले गेली म्हणजे पुढच्याला दगड म्हणावे, केर म्हणावे, पसाभर कोंडा देऊन त्याला शेजारणीकडून 'विकत' घ्यावे आणि मृत्यूची नजर चुकवावी, असा तो भाबडा डाव असे. नाव जितके ओंगळ तितकी त्यामागची माया अधिक.

नकुशी हे नाव या पंगतीतले वाटते, पण तसे ते नाही. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिला हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. साताऱ्याकडे नकुशी, कुठे नकोशी, कुठे नकुसा. तमिळनाडूत अशा मुलीला वेंडाम म्हणतात, त्याचाही अर्थ 'नको' असाच. बंगालात आन्नाकाली, म्हणजे कालीमाते, आता पुरे. हरियाणात भतेरी, पुष्कळ झाल्या.

धोंडू आणि नकुशी ही दोन्ही नावे मुलाच्या डोक्यावरून देवाशी बोलतात. पण धोंडूची आई म्हणते, हे टाकाऊ आहे, तू नेऊ नकोस. नकुशीची आई म्हणते, असले पुन्हा देऊ नकोस. पहिल्या नावात मूल हेच मागणे आहे. दुसऱ्यात ते नुसते निरोप्या आहे, आणि निरोप पोचला तरी त्याची सुटका नाही. स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, गोड आणि मंगल असावे असे मनुस्मृती सांगते. मनूची स्त्रियांविषयीची बाकीची मते पाहता हे औदार्य लहानसेच. तेवढेही या मुलींच्या वाट्याला आले नाही.

कोणी म्हणेल, नाव वापरून गुळगुळीत होते. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांचे नाव घेताना कोणाला धोंडा आठवतो? हे खरे आहे. पण 'नको' हा शब्द झिजायला मोकळाच नाही. चहा नको, भाजी नको, कटकट नको, असा तो दिवसातून पन्नास वेळा आपल्या तोंडी येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ ताजा होतो. आम्ही मास्तर मंडळी हजेरी घेतो तेव्हा त्या नावाला त्या पोरीने उभे राहून 'हजर' म्हणायचे असते.

तरीही नकुशीच्या आईबापांना झोडपताना माझा हात थोडा अडखळतो. त्यांनी नको म्हटले, पण मुलीला वाढवले. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. तरी देशात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे २००१ साली ९२७ मुली होत्या, त्या २०११ साली ९१९ झाल्या. ज्या घरांनी सोनोग्राफीच्या खोलीत मुकाट्याने 'नको' म्हटले, त्यांच्या मुलांची नावे फार सुंदर असतात.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात सरकारी समारंभ करून २८५ मुलींची नावे बदलण्यात आली, नव्या नावांचे दाखले देण्यात आले. घरच्या माणसांच्या तोंडून जुने नाव एका दाखल्याने जाईल असे नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट वेगळी घडली. आपल्याकडे बाईचे नाव बारशाला दुसरे कोणी ठेवते, आणि लग्नात नवरा तांदळात बोट फिरवून तेही बदलतो. दोन्ही वेळा तिला कोणी विचारत नाही. साताऱ्यात मुलींना विचारले. कोणी सावित्री झाली. १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या ते नायगाव याच जिल्ह्यातले. कोणी सिनेमातल्या नटीचे, ऐश्वर्याचे, नाव घेतले. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला ते जरा दिखाऊ वाटते. पण ते तिने स्वतः निवडले आहे, आणि हजेरीला मी तेच घेईन.