स्मृतिभ्रंश, व्यायाम आणि माणसाची ओळख

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने व्यायाम का करावा, या प्रश्नाला ‘त्याने विस्मरण लांबणीवर पडते’ असे उत्तर सहसा मिळते. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीने या उत्तराला धक्का दिला. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाच्या ४९४ जणांपैकी एका गटाकडून चार महिने बऱ्यापैकी जोरकस व्यायाम करून घेतला गेला. त्या गटातले लोक सहा मिनिटांत अधिक अंतर चालू लागले. बुद्धीची घसरण मात्र मंदावली नाही, जीवनाच्या गुणवत्तेच्या मोजणीतही फरक पडला नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? इथे वैद्यक मागे पडते आणि आठवण गेली तरी माणूस तोच उरतो का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न पुढे येतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने माणसाची ओळख जाणिवेच्या सातत्यावर, म्हणजे बव्हंशी आठवणीवर, उभी केली. त्या हिशेबाने सकाळ विसरलेला माणूस संध्याकाळी दुसराच ठरावा! न्यायदर्शनालाही आत्मा सिद्ध करताना ओळख पटण्याचाच आधार लागला: आधी पाहिले तेच आता स्पर्शाने ओळखणारा कोणी एकच असला पाहिजे. दोन्हीकडे देह दुय्यम. देहालाच आत्मा म्हणणाऱ्या चार्वाकांची खिल्लीच अधिक उडाली.

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँतीने १९४५ साली मधली वाट दाखवली. अंगवळणी पडलेली गोष्ट हे देहाचे स्वतःचे ज्ञान आहे, असे त्याचे म्हणणे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात आघात आधी नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागांवर होतो. सरावाची कौशल्ये सांभाळणारे मेंदूचे भाग तुलनेने उशिरा बाधित होतात. म्हणून नातवाचे नाव विसरलेला वारकरीही टाळ वाजताच पावली धरू शकतो. तेव्हा तो काही आठवत नसतो, पण कोणी परकाही नसतो.

जीवनाची गुणवत्ता मोजायची कोणाच्या नजरेने, हा पेचही उरतोच. अल्झायमरसाठी रूढ असलेल्या १३ प्रश्नांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न स्मरणशक्तीचाच आहे आणि सांभाळणारे नातेवाईक रुग्णापेक्षा सहसा कमी गुण देतात. नजर रुग्णाचीच धरली, तरी आधीची की आजची? आयुष्यभर व्यायामाला नाके मुरडणारा आता तालावर खुशीने नाचत असेल, तर त्याची जुनी नावड पाळायची का? कायद्याचा तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन पूर्वीच्या इच्छेला मान देतो, तर कायद्याची अभ्यासक रेबेका ड्रेसर आजच्या सुखदुःखाला. या उदाहरणात ड्रेसरचे पारडे जड वाटते. उलट, जन्मभर तालमीत घाम गाळलेला माणूस आज खुर्ची सोडायला तयार नसेल, तर ड्रेसरचाच न्याय त्याला लावावा लागतो: आग्रह एकदोनदा करावा, ओढून उठवू नये.